फर्स्ट-जेन म्हणजे वाढीव गुण नव्हेत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. अमेरिकेत आपण अल्पसंख्याक, त्यात घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणजे ‘फर्स्ट-जेन’, तर हार्वर्ड-येलसारख्या ठिकाणी याचा किती उपयोग, असं तू विचारलंस. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

अल्पसंख्याक असण्याचा फायदा शून्य धर. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यांत वंश पाहून प्रवेश देणं बेकायदा ठरवलं. त्याआधीही आपली मुलं ‘आशियाई’ रकान्यात मोडत, आणि हा गट निवडक कॉलेजांना कमी पडतोय असं कधी नव्हतंच. हार्वर्डवरचा खटला तर आशियाई अर्जदारांवर अन्याय होतो याच तक्रारीतून उभा राहिला. निकालानंतरच्या पहिल्या तुकडीत आशियाई मुलांचा वाटा एमआयटीत ४० वरून ४७ टक्क्यांवर गेला, येलमध्ये मात्र ३० वरून २४ वर आला. तेव्हा ‘आता आपल्याला रान मोकळं’ म्हणणाऱ्या काकांना चहा द्यावा आणि विषय बदलावा. जातीचा दाखला, राखीव जागा, कट-ऑफ हा आपला हिशेबही इथे डोक्यातून काढून टाक. अर्जात जातीचा रकानाच नसतो.

फर्स्ट-जेनची गोष्ट निराळी. आई-वडिलांपैकी कुणाकडेही पदवी नसेल तर तू फर्स्ट-जेन, ही सर्वसाधारण व्याख्या. पदवी भारतातली असली तरी ती पदवीच. वडील पुण्यात बी.कॉम. झालेले असताना ‘अमेरिकेत शिकणारी मी पहिलीच’ म्हणून खूण करणारी मुलं असतात आणि तिथेच फसतात, कारण अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जात, म्हणजे कॉमन अॅपमध्ये पालकांचं शिक्षण, कॉलेजचं नाव आणि पदवी विचारलेली असते. तुझ्या घरी वडील आयटीआय, आई बारावी. जसं आहे तसं भर. मोठ्या भावाने पदवी घेतली असती तरी सहसा फरक पडला नसता. एखाद्या कॉलेजची व्याख्या थोडी वेगळी असू शकते, ती त्यांच्या वेबसाइटवर बघून घे.

आता ही खूण नेमकं काय करते? ती गुण वाढवत नाही. तुझा अर्ज कशाच्या शेजारी ठेवून वाचायचा, ते ठरवते. शाळेकडून अर्जासोबत ‘स्कूल प्रोफाइल’ जातं. शाळेत एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, किती विषय आहेत, मुलांचे गुण साधारण किती, हे त्यात असतं. शाळेत सहाच एपी असतील आणि तू पाच घेतलेस, तर वाचणारा ‘पाचच?’ म्हणत नाही.

हे न कळल्याने होणारी सगळ्यात महागडी चूक म्हणजे एसएटीचा, म्हणजे १६०० गुणांच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर दडवणं. डार्टमथने २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, त्यामागे त्यांच्याच प्राध्यापकांचा अभ्यास होता. साधारण घरांतली मुलं १४०० च्या आसपासचे स्कोअर ‘कमी आहेत’ म्हणून पाठवत नव्हती, आणि पाठवले असते तर त्यांची शक्यता वाढली असती, असं त्यात दिसलं. म्हणून कॉलेजच्या सरासरीइतकीच तुझ्या शाळेचीही सरासरी बघ. शाळा १०५० वर आणि तू १४०० वर असशील तर बेलाशक पाठव. (कॅलिफोर्नियाची यूसी कॉलेजं मात्र प्रवेशासाठी स्कोअर बघतच नाहीत.)

दुसरी चूक अॅक्टिव्हिटीजच्या यादीत होते. दहा जागा असतात, प्रत्येक वर्णनाला १५० अक्षरं. दुकानात काम करणं, धाकट्याला सांभाळणं हे ‘घरचंच’ म्हणून मुलं लिहीत नाहीत आणि तीन मीटिंगा झालेला क्लब वर टाकतात. तू वरच लिही, अर्थात इंग्रजीत: ‘किराणा दुकान: संध्याकाळी ५ ते ९ गल्ला, मालाची ऑर्डर, खराब माल परत, वडिलांच्या वतीने पुरवठादारांशी फोन.’ तास आठवड्याला १६, आठवडे वर्षाला ४८. हे आकडे वाचले की तुझ्याकडे रोबोटिक्सला वेळ का नव्हता, ते वेगळं सांगावं लागत नाही. मात्र आकडे फुगवू नकोस. शाळा, अभ्यास आणि आठवड्याला ४० तास काम ही बेरीज कुणालाही जमत नाही.

निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे लिहायला न्यायालयाने मोकळीक ठेवली आहे, पण त्यातून त्या अर्जदाराचा स्वतःचा गुण दिसायला हवा. ‘मी स्थलांतरित कुटुंबातली, दोन संस्कृतींत वाढले’ हे वाक्य निबंध वाचणाऱ्यांनी हजारदा वाचलेलं असतं. विमा कंपनीचं नकाराचं पत्र वडिलांना मराठीत समजावताना ‘डिडक्टिबल’ला तू कोणता शब्द वापरलास, ते लिही. निव्वळ अडचणी असतील तर त्यांच्यासाठी वेगळी छोटी जागा आहे. तिथे चार सरळ वाक्यं पुरतात.

आणि एवढं करूनही पारडं समान होत नाही. २०२३ मध्ये आलेल्या राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, स्कोअर सारखाच असूनही वरच्या एक टक्का श्रीमंतांची मुलं आयव्ही लीगसह बारा कॉलेजांत पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप हे त्यातलं मोठं कारण.

म्हणून पैशाची बाजू आधी बघ. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता घरातून किती भरावे लागतील त्याचा अंदाज देणारा. वडिलांना शेजारी बसवून भर. अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला आधी केलेला अर्ज, बंधनकारक असतो, प्रवेश मिळाला की जायचंच; तो हा आकडा बघितल्याशिवाय करू नकोस. चौघांच्या घराचं उत्पन्न ६५ हजार डॉलरच्या आत असेल तर क्वेस्टब्रिजचा अर्ज कर; कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना मोठ्या कॉलेजांशी जोडणारी ती संस्था आहे. तो अर्ज सप्टेंबरअखेर बंद होतो, म्हणजे बाकीची मुलं निबंध सुरू करतात तेव्हा तुझा संपलेला हवा.

तुझं ग्रीन कार्ड झालंय, त्यामुळे फाफसा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरता येईल. एच-फोरवरच्या, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या, तुझ्या मैत्रिणीला तो भरता येत नाही, आणि बरीच कॉलेजं तिला आंतरराष्ट्रीय अर्जदार धरून आर्थिक मदत मागितल्याचा विचार प्रवेशातच करतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट तसं करत नाहीत. तिला कॉलेजांची यादी वेगळी करायला सांग, तुझी उतरवू नको म्हणावं.

वडिलांच्या आयटीआयचं सर्टिफिकेट सहसा कुणी मागणार नाही. टॅक्स रिटर्न आणि डब्ल्यू-टू (वर्षाच्या पगाराचा दाखला) मात्र मागतील, तेही आधीच्या वर्षांचे. या रविवारी ती फाइल शोधून ठेव.