वाचकांचे प्रश्न : पीटर ग्रीनची लेस पॉल आणि उलटं चुंबक

प्रश्न : ‘फ्लीटवुड मॅक’ या बँडच्या पीटर ग्रीनच्या 1959 च्या गिब्सन लेस पॉल गिटारमध्ये नेक पिकअप (मानेजवळचा, तारांच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारा भाग) उलटा बसवला होता, म्हणून तिचा आवाज वेगळा, असं वाचलं. मी माझ्या लेस पॉल कॉपीतला नेक पिकअप काढून अर्धा फेरा फिरवून बसवला. काडीचाही फरक पडला नाही. माझं काय चुकलं? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही, चुकली ती दंतकथा. ग्रीनच्या गिटारमध्ये नेक पिकअपच्या स्क्रूंची रांग ब्रिजच्या, म्हणजे तारा धडावर जिथे टेकतात त्या, बाजूला आहे, नेहमी असते तशी फ्रेटबोर्डच्या बाजूला नाही. फोटोत ते पटकन दिसतं, त्यामुळे सगळं श्रेय त्यालाच मिळालं. पण पिकअप अख्खा वळवला की आतल्या तारेची दोन्ही वेटोळी, म्हणजे कॉइल, आणि चुंबक एकत्रच वळतात. त्यांचं एकमेकांशी नातं होतं तसंच राहतं, म्हणून फेजही, म्हणजे सिग्नलच्या लाटेची वर-खाली दिशाही, बदलत नाही. ग्रीनच्या पिकअपमध्ये आतलं चुंबक उलटं बसलेलं होतं. त्यामुळे नेक आणि ब्रिज दोन्ही एकदम चालू केले की दोघांचे सिग्नल एकमेकांना कापतात. खर्जातला भाग दोन्ही पिकअपमध्ये बराचसा सारखा असतो, म्हणून तो जास्त कटतो. उरतो तो पोकळ, थोडा नाकातला आवाज.

हा प्रकार फक्त मधल्या स्विचवर, म्हणजे दोन्ही पिकअप एकदम चालू असताना, होतो. एकटा नेक किंवा एकटा ब्रिज पूर्वीसारखाच वाजणार.

प्रश्न : मग चुंबक उलटं कसं करायचं? पिकअपच्या वायरी उलट्या जोडल्या तर भागणार नाही का? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : आधी पिकअपमधून येणारी वायर बघा. चार रंगीत वायरी आणि एक उघडी वायर असेल तर चुंबकाला हात लावायची गरज नाही. एकाच पिकअपची हॉट (सिग्नलची) आणि ग्राउंड वायर अदलाबदल करा. उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या.

जुन्या पद्धतीची वायर असेल, म्हणजे आत एकच तार आणि बाहेर धातूची जाळी, तर ही युक्ती चालत नाही. जाळी पिकअपच्या तळपट्टीला आणि कव्हरला जोडलेली असते. ती हॉटला गेली की अख्खं कव्हर हॉट होतं. बोट लागलं की घुरघुर. अशा पिकअपला चुंबक फिरवणं हाच सरळ उपाय.

तारा उतरवा. पिकअप सोडवण्याआधी मल्टीमीटरने रोध मोजून कागदावर लिहा. जुन्या धाटणीच्या हंबकरचा, म्हणजे अशा दोन कॉइलच्या पिकअपचा, साधारण 7 ते 8.5 किलोओहम येतो. कव्हर तळाशी सहसा दोन ठिकाणी झाळलेलं असतं. तिथे 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न वापरू नका. ते टाका वितळवायला इतका वेळ घेतं की उष्णता कॉइलपर्यंत पोहोचते. 40 ते 60 वॉटचं, जाड टोकाचं घ्या आणि काम काही सेकंदांत उरका. कॉइलची तार 0.06 मिलिमीटरच्या आसपास असते. स्क्रूड्रायव्हर एकदा घसरला की पिकअप संपला.

कव्हर निघाल्यावर तळपट्टीचे चार छोटे स्क्रू तीन-चार फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. दोन्ही कॉइलच्या खाली, मधोमध, चुंबकाची लांबट पट्टी दिसेल. स्क्रूंच्या रांगेकडे असलेल्या कडेवर मार्करने खूण करा आणि प्लास्टिकच्या काडीने पट्टी एका टोकाने बाहेर ढकला. मेणाने चिकटली असेल तर हेअर ड्रायरने हलकेच कोमट करा. आत घालताना खुणेची कड दुसऱ्या कॉइलकडे आली पाहिजे.

बहुतेक जण इथेच फसतात. पट्टीचे ध्रुव तिच्या टोकांना नसतात, लांब कडांना असतात. ती नुसती पालथी केली तरी कडा बदलतात आणि सपाट ठेवून टोकं बदलली तरी बदलतात. घाईत दोन्ही केलं की पट्टी पुन्हा जिथल्या तिथे! खूण करायची ती यासाठीच. झाकण्याआधी दोन्ही पिकअपच्या स्क्रूंजवळ आळीपाळीने होकायंत्र धरा. एकाकडे सुईचं एक टोक आणि दुसऱ्याकडे दुसरं टोक ओढलं गेलं तर काम झालं. मग रोध पुन्हा मोजा. आकडा तोच हवा. काहीच आकडा आला नाही तर तार तुटली असं समजा.

प्रश्न : काम जमलं, पण मधल्या स्विचवर आवाज डब्यातून आल्यासारखा पातळ येतो. ग्रीनचा तर भरलेला वाटतो. (वरच्याच वाचकाचं दुसरं पत्र)

उत्तर : दोन्ही व्हॉल्यूम 10 वर असतील तर पातळच येणार, कारण तेव्हा कापाकापी सर्वात जास्त असते. एक व्हॉल्यूम 10 वर ठेवा आणि दुसरा 7-8 पर्यंत उतरवा, खर्ज हळूहळू परत येतो. नेक उतरवला तर आवाज धारदार राहतो, ब्रिज उतरवला तर गोल होतो. मात्र लेस पॉलच्या नेहमीच्या जोडणीत मधल्या स्विचवर एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की दोन्ही पिकअप गप्प होतात. तो दोष नाही.

आणि स्पष्टच सांगायचं तर अर्धा ग्रीन चुंबकात नव्हताच. तो मोजकेच स्वर वाजवायचा, मध्ये जागा सोडायचा. 1967 च्या ‘अ हार्ड रोड’ या अल्बमवरचा ‘द सुपरनॅचरल’ ऐका. एकच स्वर फीडबॅकवर किती वेळ धरून ठेवलाय!

प्रश्न : ग्रीनचा बँड म्हणजे ‘रूमर्स’ अल्बमवाले फ्लीटवुड मॅक तेच का? ग्रीनने बँड का सोडला? (पणजीहून एक वाचक)

उत्तर : नाव तेच. त्या काळापासून ‘रूमर्स’पर्यंत टिकले ते ड्रमवाला मिक फ्लीटवुड आणि बेसवाला जॉन मॅक्वी. दोघांची आडनावं जोडून बँडला नाव दिलं ते खुद्द ग्रीनने. लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये 1946 मध्ये जन्मलेला हा पीटर ग्रीनबाउम 1966 मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्समध्ये एरिक क्लॅप्टनच्या जागी आला आणि 1967 मध्ये त्याने स्वतःचा बँड काढला. ‘अल्बट्रॉस’ 1969 च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ अनेकांना सान्तानाचं वाटतं, पण ते ग्रीनचं, 1968 चं. सान्तानाने ते 1970 मध्ये घेतलं.

तोवर ग्रीनला पैशाचा वीट आला होता. मिळकत दान करावी असं तो बँडमधल्या बाकीच्यांना सांगत होता. एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं अमली द्रव्य होतंच. मे 1970 मध्ये तो बाहेर पडला. पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, इस्पितळात विजेचे झटके देण्याचे उपचार झाले. सगळा दोष एलएसडीवर टाकणं सोपं आहे, पण आजार इतक्या सरळ रेषेत येत नाही. 1979 मध्ये ‘इन द स्काइज’ हा अल्बम आला, नव्वदीच्या दशकात स्प्लिंटर ग्रुप हा त्याचा नवा बँड. 25 जुलै 2020 रोजी तो गेला.

प्रश्न : ती मूळ गिटार आता कुणाकडे आहे? (ठाण्याहून एक वाचक)

उत्तर : ग्रीनने ती बेलफास्टच्या तरुण गिटारवादक गॅरी मूरला अगदी किरकोळ किमतीत दिली. मूरने त्यासाठी आपली गिब्सन एसजी विकली. मूरचा 1995 चा ‘ब्लूज फॉर ग्रीनी’ हा अल्बम ग्रीनच्या या गिटारवरच वाजवलेला आहे. मूरने 2006 मध्ये ती विकली आणि 2014 पासून ती मेटालिका या मेटल बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे. तो ती कपाटात ठेवत नाही, मैफलीत वाजवतो.