माला-एन बंद केल्यावर दिवस राहायला अडचण येते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. दीड वर्ष माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या घेताना अंगावरून फारच कमी जातं, म्हणजे घरचे म्हणतात तशी गर्भपिशवी सुकली का? आणि आता मूल हवंय, तर गोळ्या किती महिने आधी थांबवायच्या?

पिशवी सुकत नाही. पाकिटातल्या 28 पैकी 21 गोळ्यांत प्रत्येकी 150 मायक्रोग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि 30 मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल असतं. ते रोज पोटात गेलं की मेंदूकडून अंडाशयाला जाणारा इशारा दबतो, बीज सुटत नाही आणि पिशवीचं अस्तर पातळच राहतं. पातळ अस्तर पडणार तरी किती! पुढच्या 7 गोळ्या नुसत्या लोहाच्या. त्या चालू असताना जे जातं ते हॉर्मोन तुटल्यामुळे, ती खरी पाळी नव्हेच. त्यामुळे ते कमी गेलं म्हणून काही बिघडलं असं धरू नका. 'घाण आत साचते' हेही खरं नाही. साचायला आत काही तयारच झालेलं नसतं.

आता थांबवण्याचं. महिनोन्‌महिने आधी थांबायची गरज नाही. हातातलं पाकीट संपवा आणि पुढचं सुरू करू नका, म्हणजे तारखांचा घोळ होत नाही. बऱ्याच जणींचं बीज दोन ते चार आठवड्यांतच सुटायला लागतं, म्हणजे पहिली खरी पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात. राहिले तर बाळाला गोळ्यांमुळे धोका नसतो. पहिल्या दोन-तीन पाळ्या पुढेमागे झाल्या तर घाबरू नका. वर्षभरात शंभरातल्या ऐंशीच्या आसपास बायकांना दिवस राहतात, आणि निरोध वापरून थांबलेल्यांतही प्रमाण साधारण तेवढंच असतं. फॉलिक ॲसिड मात्र आजपासूनच सुरू करा, रोज 400 मायक्रोग्रॅम.

खरी गफलत कुठे होते ते नीट समजून घ्या, कारण यात बायकांची वर्षं वाया जातात. गोळी आधीचा दोष झाकते. लग्नाआधी पाळी 45-50 दिवसांनी येत असेल, पीसीओएस (हॉर्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) किंवा थायरॉइडचा त्रास असेल, तरी गोळ्यांवर दर 28 दिवसांनी रक्त येतं आणि सगळं सुरळीत वाटतं. गोळी सुटली की जुनी पाळी परत येते आणि दोष गोळीवर जातो. वयाचंही तसंच. 29व्या वर्षी सुरू करून 34व्या वर्षी थांबलात, तर बीजांचं वय 34च; गोळी ती खर्चही करत नाही, साठवूनही ठेवत नाही. म्हणून गोळ्यांआधी तुमची पाळी किती दिवसांनी यायची, ते आठवून कागदावर लिहा. डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा.

शेजारणीला 'बंद केल्यावर आठ महिने काहीच नाही' असा अनुभव आला असेल, तर ती गोळी होती की अंतरा, म्हणजे दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन, हे विचारा. इंजेक्शननंतर उशीर खरोखर होतो: शेवटच्या डोसपासून दिवस राहायला सरासरी 7 ते 10 महिने. आठवड्याला घ्यायची 'छाया' गोळी आणखी वेगळी. तिच्यात हॉर्मोन नसतं, तरी पाळी लांबू शकते. या तिन्ही गोष्टी एकाच नावाने बोलल्या जातात आणि भीती मात्र गोळीच्या वाट्याला येते.

बंद केल्यावर तीन महिने पाळी आली नाही, तर आधी लघवीची तपासणी घरीच करा. ती निगेटिव्ह आली, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन) या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफीबद्दल विचारा. पाळी नियमित असूनही दिवस राहत नसतील, तर वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर आणि पस्तिशीपुढे असेल तर सहा महिने वाट पाहून तपासण्या सुरू करा. त्याच वेळी नवऱ्याची वीर्यतपासणीही करून घ्या. ती सोपी असते, तरी बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी होते.