के-१ १००० मीटर या होडीच्या शर्यतीत खेळाडू नेमकं काय करतो? फक्त हातांच्या जोरावर जिंकतात का?

नाही, आणि हा गैरसमज दूर व्हायलाच हवा. के म्हणजे कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं चालवायची होडी; १ म्हणजे एकटा खेळाडू. होडी जास्तीत जास्त ५.२० मीटर लांब, वजन किमान १२ किलो, आणि इतकी अरुंद की नवखा माणूस बसताक्षणी पाण्यात पडतो.

खरा जोर पायांचा. वल्ह्याचं उजवं पातं पाण्यात रुतलं की उजवा पाय समोरच्या फळीला रेटतो, कंबर वळते, अख्खं धड फिरतं. हात ती ताकद फक्त वल्ह्यापर्यंत पोचवतात. पुढच्या वेळी व्हिडिओत खांदे नाही, गुडघे बघा. आलटून पालटून वरखाली होताना दिसतील. सुकाणूही पायांनीच वळवतात.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये हंगेरीच्या बालिंट कोपासने हे अंतर ३ मिनिटं २०.६४३ सेकंदांत कापलं. माझा आवडता मात्र चेक प्रजासत्ताकाचा योसेफ दोस्ताल. २०१६ ला रिओत रौप्य, आणि थेट २०२४ ला पॅरिसमध्ये सुवर्ण! आठ वर्षं त्याच अंतरामागे लागून राहणं मला फार मोठं वाटतं.