अमेरिकेतल्या कॉलेजचा दारूविषयीचा ऑनलाइन कोर्स: मुलाच्या शेजारी बसू नका

ताई, मुलगा ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला चाललाय आणि कॉलेजच्या पोर्टलवर दारूविषयीचा कोर्स सक्तीचा दिसतोय. आमच्या घरात कोणी थेंबाला शिवत नाही, मग संशय कशाला, आणि आम्ही शेजारी बसून भरून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. तिथल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी आरोग्य केंद्रात मी बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संशय वगैरे काही नाही. तिथे दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आणि पहिल्या वर्षाची मुलं १८ची. त्यातून १९८९च्या कायद्याने, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कॉलेजांना दारू-ड्रग्ज प्रतिबंधाचा कार्यक्रम ठेवावाच लागतो. हजारो मुलांना एकेक करून समोर बसवणार कोण? म्हणून 'अल्कोहोलएज्यू', 'ई-चेकअप टू गो' असले ऑनलाइन कोर्स.

शेजारी मात्र बसू नका. त्यातले व्हिडिओ आणि प्रश्नमंजुषा मुलं कंटाळत उरकतात, आणि माझ्या मते त्यात फारसं काही बिघडत नाही. खरं काम एकाच पानाचं असतं. आधी विचारतात, तू किती पितोस, आणि तुझ्या मते तुझ्या वयाची बाकीची मुलं किती पितात? पुढच्या स्क्रीनवर त्याचा आकडा, त्याचा अंदाज आणि सर्वेक्षणातला खरा आकडा शेजारी शेजारी येतात. अंदाज बहुतेकांचा भलताच जास्त निघतो. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी ही तफावत १९८६मध्येच दाखवली होती. २०२२च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पूर्णवेळ कॉलेजात शिकणाऱ्या १८ ते २२ वयाच्या मुलांपैकी महिनाभरात दारू घेतलेले साधारण निम्मे होते. म्हणजे निम्म्यांनी घेतलीच नव्हती! 'न पिणारा मी एकटाच' ही धास्ती घेऊन येणाऱ्या आपल्या मुलांना हे कळणं मोलाचं आहे. आई खांद्यावरून बघत असेल तर तो सगळीकडे शून्य टाकणार, मग खरं असो वा नसो. उत्तरं कोणाला दिसतात ते सुरुवातीच्या गोपनीयतेच्या पानावर लिहिलेलं असतं, तेवढं त्याला वाचायला सांगा.

आणखी एक, मापाचं. तिथे 'एक ड्रिंक' म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल: ३५५ मिली बिअर किंवा ४४ मिली व्हिस्की. आपला ६० मिलीचा लार्ज, तोही ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे जवळजवळ दीड ड्रिंक झालं. 'दोनच घेतले' म्हणणारा प्रत्यक्षात तीनवर असतो, आणि पुरुषांसाठी दोनेक तासांत पाच म्हणजे धोक्याची पातळी. पार्टीतल्या लाल ग्लासातल्या पंचला, म्हणजे सरबतात दारू मिसळलेल्या पेयाला, तर मापच नसतं.

उपयोग होतो का? होतो, पण बेताचा. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात (म्हणजे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात) अशा डिजिटल कार्यक्रमांमुळे आठवड्याला सरासरी २३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल कमी झाल्याचं दिसलं, म्हणजे दीडेक ड्रिंक. कॉलेजच्या मुलांत हा परिणाम काही महिन्यांत ओसरतोही. जो आधीच जास्त पितो त्याला स्क्रीन पुरत नाही. त्याच्यासाठी समुपदेशकासोबत एक-दोन बैठका असतात, 'बेसिक्स' नावाने बऱ्याच ठिकाणी चालतात. त्यात प्रवचन नसतं, त्याचेच आकडे त्याच्यापुढे ठेवून गप्पा असतात.

म्हणून सगळी भिस्त कोर्सवर ठेवू नका. पहिले सहा आठवडे सगळ्यात नाजूक. जाण्याआधी एकदा मोकळेपणाने बोला, आणि तिथे गेल्यावर फोनवर 'पीत नाहीस ना?' याऐवजी शनिवारी कुठे गेला होतास, सोबत कोण होतं, परत कसे आलात, असं विचारा. पहिल्या प्रश्नाला 'नाही' हे एकच उत्तर येतं.

दोन गोष्टी मात्र ठणकावून सांगा. पिऊन गाडी चालवायची नाही. त्यात नुसती अटक झाली तरी विद्यार्थी व्हिसा रद्द होऊ शकतो, निकालाची वाट बघत नाहीत. आणि मित्र शुद्धीवर येत नसेल तर 'झोपू दे' म्हणून सोडायचं नाही, ९११ या तिथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन करायचा. बऱ्याच कॉलेजांत मदत बोलावणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होत नाही. तो नियम त्याच्या कॉलेजात आहे का, ते वसतिगृहाच्या पहिल्या बैठकीत विचारायला सांगा.

आणि हो, काही कोर्सना महिना-दीड महिन्याने दुसरा भाग असतो. त्याची मेल येते आणि मुलं विसरतात. कुठे कुठे तो पुरा केल्याशिवाय पुढच्या सत्राची नोंदणी होत नाही, तेव्हा पहिला भाग संपला की तारीख बघून ठेवायला सांगा.