विचारा, सांगते : विमानाच्या काचेतला धूर

प्रश्न : मी किटमधून एफ-१६ या लढाऊ विमानाचं १:७२ प्रमाणातलं प्लास्टिकचं मॉडेल करतो आहे. फोटोंमध्ये त्याच्या कॉकपिटवरची काच कधी धुरकट, कधी सोनेरी दिसते. टामिया कंपनीचा ‘स्मोक’ हा धुरकट पारदर्शक रंग ब्रशने लावला तर डाग पडले. एअरब्रशने, म्हणजे हवेच्या फवाऱ्याने, मारला तर आतली सीटच दिसेना. या काचेला, म्हणजे कॅनोपीला, रंग किती द्यावा आणि कसा? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : पत्रासोबतचा फोटो पाहिला. तो धूर नव्हे, काजळी आहे. मनाला लावून घेऊ नका. अशा चार कॅनोप्या मी बामच्या रिकाम्या डबीत जपून ठेवल्या आहेत, त्यातली एक तर वितळलेली आहे. तिची गोष्ट पुढे येईल.

आधी एक करा. घरात कुणाचा तरी गॉगल असेलच. तो आकाशाकडे धरून त्यातून पाहा आणि मग तोच टेबलावरच्या पेपरवर टेकवा. पेपरवर जास्त काळा दिसेल. गॉगल बदलला नाही, पण आकाशाकडे पाहताना उजेड काचेतून एकदाच येतो. पेपरवर ठेवला की तो काचेतून खाली जातो, कागदावर आपटतो आणि त्याच काचेतून परत वर येतो, म्हणजे दोनदा गाळला जातो. शंभरातला ७० भाग उजेड सोडणारी काच असेल, तर परतीला हाती लागतात ४९. कॉकपिटचं अगदी हेच आहे. फोटोत सीटवर दिसतो तो काळोख दुपदरी असतो. आपण त्याला एकपदरी समजून बाटलीतून तेवढाच गडद रंग काढतो आणि मॉडेलवर तो पुन्हा दुप्पट होतो. म्हणून सुटी कॅनोपी उजेडाकडे धरल्यावर ‘अगं बाई, रंग लागलाच नाही वाटतं’ असं वाटायला हवं. विमानावर बसवली की कळतं लागलाय ते.

आता सोन्याचं. एफ-१६ची ती एकसंध फुग्यासारखी काच म्हणजे पॉलिकार्बोनेट. अनेक विमानांत तिच्यावर विजेचं वहन करणारा अतिपातळ थर असतो, सोन्याचा किंवा इंडियम-टिन ऑक्साइडचा. कॉकपिटच्या आत सीट, हेल्मेट, पॅनेल असे नाना कोपरे असतात. रडारची लहर आत शिरली की त्या कोपऱ्यांवरून थेट आली त्या वाटेने परत जाते. थर असला की ती आत शिरतच नाही, काचेच्या गुळगुळीत वळणावरून भलतीकडे घसरते. अमेरिकन नौदलाच्या प्राउलर विमानात सोनं होतं ते उलट कारणासाठी. शत्रूची रडारं आंधळी करणारे त्याचेच ट्रान्समीटर इतके दांडगे, की आतल्या चौघांना त्यांच्यापासूनच आडोसा हवा होता.

या थराची गंमत अशी, की सोनं परावर्तनात पिवळं दिसतं, पण त्याचा वर्ख उजेडासमोर धरला तर आरपार हिरवट-निळसर दिसतो. त्यामुळे खऱ्या काचेचा रंग कोन बदलला की बदलतो, आणि तुमच्या फोटोंत ‘कधी धुरकट, कधी सोनेरी’ झालं ते त्यामुळेच. एका बाटलीतून हे सगळं मिळणार नाही. मी दोन गोष्टींवर समाधान मानते : मुख्य रंग धुराचा, त्यात पिवळ्याची चाहूल. काचेच्या पेल्यात पातळ कोरा चहा ओतला की तळाशी जो रंग दिसतो, तो लक्ष्य धरा. आमच्याकडे पाहुण्यांना देतात तो चहा नव्हे, आजाऱ्याला देतात तो.

रंगाआधी घासकाम. फुग्याचा घेर खाली आत वळलेला असतो, त्यामुळे किटमध्ये साचा दोन बाजूंनी सोडवावा लागतो आणि कॅनोपीच्या डोक्यावर मधोमध उभी शिवण राहते. ती तशीच ठेवून रंग दिलात तर भांग पाडल्यासारखी उठून दिसेल. १०००चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून शिवण खरवडा, मग १५००, २०००, ३०००, आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड सुती कापडावर घेऊन. कंपाउंड नसेल तर साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नको. मधल्या टप्प्यावर काच पार दुधाळ होते आणि पोटात गोळा येतो, पण थांबू नका. दर टप्प्याला घासायची दिशा बदला, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं.

इथे माझी वितळलेली कॅनोपी. मी तीस वर्षं नारायण पेठेत कवळ्या केल्या. कवळीचं ॲक्रिलिक मोटरवर कापडी चाकाला लावायचं, प्युमिसचा चिखल थापायचा, की आरसा. वाटलं, बोटाने कोण घासत बसणार? मिराजची कॅनोपी चाकाला लावली. किटमधलं पारदर्शक प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते कवळीसारखं उष्णतेपुढे टिकत नाही. डोळ्याचं पातं लवेपर्यंत एका बाजूला खळगा पडला आणि चाकावर साखरेच्या पाकासारखे धागे. भाचा म्हणाला, ‘मावशी, पायलटला आता मान तिरकी करून बसावं लागणार.’ तेव्हा घासायचं ते बोटानेच.

माझी भट्टी : टामिया एक्स-२२ क्लियर १० थेंब, एक्स-१९ स्मोक २ थेंब, एक्स-२४ क्लियर यलो १ थेंब. सोनेरी झाक जास्त हवी तर टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा एक्स-२६ क्लियर ऑरेंज, थेंब नव्हे. आणि या सगळ्याइतकाच एक्स-२०ए थिनर. लॅकर थिनरने थर जास्त काचेसारखा बसतो हे खरं, पण ओला हात पडला तर पारदर्शक स्टायरीनला केसासारख्या चिरा जातात, म्हणून कॅनोपीवर मी त्याच्या वाटेला जात नाही. रिटार्डरचे (रंग उशिरा वाळवणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब घातले तर रंग पसरायला वेळ मिळतो. ब्रशचं नावच काढू नका. या रंगांत ब्रशचा दुसरा फटकारा पहिल्याला उचलतो, तुमचे डाग तेच आहेत.

हा रंग आधी भलत्या कशावर तरी मारून पाहा. पूर्वी पारदर्शक प्लास्टिकचे चमचे वापरायचो. जुलै २०२२ पासून ते देशभर बंद झाले, ते बरंच झालं. त्याहून उत्तम वस्तू घरोघरी आहे : मोठ्या कॅप्सूलच्या स्ट्रिपमधला रिकामा पारदर्शक फुगा. आकार जवळजवळ १:७२च्या कॅनोपीएवढा, बाकही तसाच. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या बारीक आहेत, म्हणून शेजारच्या काकांच्या स्ट्रिपा मागून आणते. त्यांना वाटतं मी औषधांचा हिशेब ठेवते. फुग्याला एकेक हात वाढवत रंग द्या आणि प्रत्येक हातानंतर तो छापील अक्षरांवर ठेवा. अक्षर वाचता येतं पण कागद पांढरा वाटत नाही, तिथे थांबा. किती हात झाले ते स्ट्रिपवरच लिहा.

मग खरी कॅनोपी. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा आणि त्यानंतर बोट लावू नका. कडेला ब्लू-टॅक (लावून पुन्हा काढता येणारी चिकट पुट्टी) लावून काडीवर बसवा. ०.३चं नोझल, हवा १२ ते १५ पीएसआय, धुक्यासारखे पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. आतून मारावा की बाहेरून, यावर लोक भांडतात. आतून मारला तर बाहेरची घासलेली चकाकी शाबूत राहते, हे खरं. पण १:७२च्या खोल फुग्यात हवा घुमते, रंग उडून परत येतो आणि रवाळ बसतो. म्हणून १:४८ आणि मोठ्याला आतून, १:७२ला बाहेरून, असं माझं मत. झालं की वर पोळ्यांचा डबा उपडा घालायचा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उघडून बघायचं नाही. यातलं सगळ्यात अवघड काम हेच.

काही जण फरशीच्या ॲक्रिलिक पॉलिशमध्ये खाण्याचा रंग मिसळून कॅनोपी बुडवून काढतात आणि खालच्या कडेला जमलेला थेंब टिपकागदाने शोषून घेतात. चकाकी अप्रतिम येते. पण बुडवल्यावर थर आतून-बाहेरून दोन्हीकडे बसतो हे विसरू नका, मिश्रण निम्मंच गडद करा. शिवाय पुडीतला रंग नीट विरघळत नाही, कण राहतात, आणि टिकण्याचंही काही खरं नसतं. मी जिलबीचा केशरी घातला होता. विमान खिडकीत ठेवलं, दिवाळीपर्यंत काच पुन्हा कोरी.

पावसाळ्यात हे काम काढू नका. जुलैत पुण्यात मीठ सुद्धा सुटं राहत नाही, हवेतला दमटपणा थरात अडकून काच धुरकट नव्हे, ताकासारखी होते. आणि कॅनोपी चिकटवताना सुपरग्लू नको, त्याची वाफ काचेवर पांढरी बुरशी चढवते. फेव्हिकॉल टूथपिकने लावा. चुकला तर ओल्या फडक्याने निघतो.

प्रश्न : आमच्या घरावरून रोज सुखोई जातात. मुलीसाठी सु-३०एमकेआय करतोय. किटच्या डब्यावर काच निळी आहे. क्लियर ब्लू किती थेंब? (एक वाचक, विश्रांतवाडी)

उत्तर : शून्य.

मीही टिंगरेनगरची, तेव्हा आपलं आकाश एकच. २७ सप्टेंबर २००२ला लोहगावात ही विमानं हवाई दलात दाखल झाली, तेव्हापासून माझ्या शोकेसची काच थरथरते आहे. दुर्बीण घेऊन गच्चीवर या आणि विमान वळताना बघा. काच क्षणभर लख्ख पांढरी होते, मग आकाशाच्या रंगाची, आणि सरळ झालं की आतली माणसं बसलेल्या जागी नुसता अंधार. तो निळा काचेचा नाही, आकाश तिच्यात पडलेलं असतं. डब्यावरचा चित्रकार आकाश काढतो, त्याला ते काढायलाच हवं. तुम्ही मॉडेल खिडकीपाशी ठेवलंत की तेच आकाश फुकटात मिळेल, फक्त काच तेवढी चकचकीत हवी. म्हणजे वरचं घासकाम तुम्हालाही चुकत नाही.

चौकटीला मात्र आधी आतल्या बाजूचा काळा मारा, त्यावर बाहेरचा करडा. काचेतून पाहिल्यावर चौकट आतून करडी दिसली की खेळणं वाटतं. काच झाकायची चिकटपट्टी लावण्याआधी मनगटावर दोनदा चिकटवून काढा, तिचा जोर थोडा कमी होतो.

प्रश्न : सूर्यकिरणच्या हॉक विमानाच्या काचेवर नागमोडी पांढरी रेघ असते. ती तडा आहे का? मॉडेलवर दाखवावी का? (इयत्ता नववीतला वाचक, सिंहगड रोड)

उत्तर : शाबास, बघतोस नीट. तडा नाही, पण तडा पाडण्याची सोय आहे. ती बारीक स्फोटक दोरी असते. पायलटने सीटचं हँडल ओढलं की ती आधी फुटते, काचेच्या ठिकऱ्या होतात आणि मग सीट बाहेर उडते. हॉकची काच ॲक्रिलिकची, ती फुटते. वरच्या उत्तरातल्या एफ-१६चं पॉलिकार्बोनेट इतकं चिवट, की ते फोडण्यापेक्षा अख्खी कॅनोपीच आधी उडवून देतात. आपल्या तेजससाठी काच तोडण्याची अशी यंत्रणा पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेत झाली. तुझ्या घरापासून लांब नाही, पण आत सोडत नाहीत, जाऊ नकोस.

मॉडेलवर दाखवच. पांढऱ्या डिकलची (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रपट्टीची) जितकी बारीक कापता येईल तितकी पट्टी काप. नाहीतर स्प्रू (किटचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडलेले येतात ती) मेणबत्तीवर तापवून ताण, केसासारखा धागा निघेल, तो फेव्हिकॉलच्या पाण्याने चिकटव. मेणबत्तीच्या कामाला घरातलं मोठं माणूस शेजारी हवं. खरी दोरी काचेच्या आतल्या बाजूला असते, पण १:७२ला बाहेरून लावलीस तर मी कुणाला सांगणार नाही.

प्रश्न : मिग-२१ सेवेतून गेलं, म्हणून आठवण म्हणून करतोय. पुढची काच हिरवट दाखवायची का? (एक निवृत्त वाचक, औंध)

उत्तर : हो, पण सगळी नको. समोरची सपाट काच जाड, गोळी अडवणारी. जाड काचेत लोहाच्या अंशामुळे हिरवा उतरतो. जेवणाच्या टेबलावरची काच वरून पांढरी आणि कडेने हिरवी दिसते, तसंच. एक्स-२५ क्लियर ग्रीन अगदी पातळ करून फक्त त्या तुकड्याच्या जाडीला, कडेकडेने फिरवा. हिरवा आपला आपण आत पाझरल्यासारखा दिसेल. मागच्या उघडणाऱ्या काचेला काही लावू नका. वाळेपर्यंत तुकडा कडेवर उभा ठेवा, आडवा ठेवलात तर ओघळ मध्यावर येतो आणि तो पुसायला गेलात की पुन्हा २०००च्या वॉटर पेपरपासून सुरुवात.