तुम्ही विचारा, आम्ही सांगतो: क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्सचं एवढं काय बिनसलंय?

प्रश्न: माझा मुलगा ब्रिस्बेनला शिकतो. जून आला की त्याचे रूममेट मरून रंगाची जर्सी घालून फिरतात, जिकडे तिकडे नुसतं 'ओरिजिन, ओरिजिन' चालू असतं म्हणे. एकाच देशातली दोन राज्यं, मग एवढं हाडवैर कशासाठी? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, हे म्हणजे स्टेट ऑफ ओरिजिन. दरवर्षी रग्बी लीग या रग्बीच्या प्रकारातल्या तीन मॅच, मरून क्वीन्सलंड विरुद्ध निळे न्यू साउथ वेल्स, आणि माझ्या मते ऑस्ट्रेलियात इतक्या पोटतिडकीने दुसरं काहीच खेळलं जात नाही.

मूळ दुखणं जुनं आहे. पूर्वी राज्याची टीम निवडायची ती खेळाडू कुठल्या राज्यातल्या क्लबकडून खेळतो त्यावरून. आता पैसा सगळा न्यू साउथ वेल्सच्या राजधानीकडे, सिडनीकडे, कारण तिथल्या क्लबांना 1956 पासून पोकर मशीनची, म्हणजे जुगाराच्या मशीनची, परवानगी, त्यातून बक्कळ कमाई, मग क्वीन्सलंडात चांगलं पोरगं दिसलं रे दिसलं की सिडनीचा क्लब उचलणार आणि तेच पोरगं निळी जर्सी घालून आपल्याच माणसांना हरवायला ब्रिस्बेनला हजर. साठ-सत्तरच्या दशकात क्वीन्सलंडने नुसता मार खाल्ला. आपल्याकडे प्रो कबड्डीत हरियाणाची पोरं पुण्या-मुंबईकडून खेळतात त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण कोल्हापूरचा गडी हरियाणाची जर्सी घालून महाराष्ट्रावरच चढाईला आला तर कसं वाटेल, तसं ते.

मग क्वीन्सलंड लीगचे प्रमुख रॉन मकॉलिफ यांनी हट्ट धरला की माणूस जिथला, तिथूनच खेळणार. 1980 साली पहिल्या दोन मॅच जुन्याच पद्धतीने झाल्या, दोन्ही न्यू साउथ वेल्सने मारल्या, म्हणून म्हटलं तिसरी या नव्या पद्धतीने करून बघू. 8 जुलै, ब्रिस्बेनचं लँग पार्क. क्वीन्सलंडचा कॅप्टन आर्थर बीटसन, रोमा गावचा, वय 35, ऑस्ट्रेलियाचं नेतृत्व केलेला आदिवासी खेळाडू. हा माणूस आधी न्यू साउथ वेल्सकडून खेळला होता, आणि आपल्या राज्याची जर्सी मिळाली ती करिअर संपत आल्यावर! त्या रात्री त्याने समोरच्या मिक क्रोनिनला दणका दिला, तो क्रोनिन तर त्याचाच पॅरामॅटा क्लबमधला जोडीदार. सगळं स्टेडियम समजून चुकलं की आज दोस्ती वगैरे बाहेर ठेवलीये. क्वीन्सलंड 20-10 ने जिंकलं. 1982 पासून तीन मॅचची पूर्ण सिरीज सुरू झाली.

पुढे तर क्वीन्सलंडने 2006 ते 2013 सलग आठ सिरीज जिंकल्या, सिडनीवाल्यांचे काय हाल झाले असतील विचार करा. मला मात्र 2020 ची सिरीज जास्त भावते, तेव्हा क्वीन्सलंडची आजवरची सगळ्यात कच्ची टीम म्हणून त्यांची टर उडवली होती आणि त्याच पोरांनी ट्रॉफी नेली. 2024 ला निळ्यांनी ब्रिस्बेनमध्ये जाऊन शेवटची मॅच काढली, 2025 ला मरूनवाल्यांनी सिडनीत घुसून परतफेड केली.

आणि कोण कुठला यावरूनही भांडणं होतातच. ग्रेग इंग्लिस जन्मला न्यू साउथ वेल्समध्ये आणि क्वीन्सलंडचा हिरो झाला, तो वाद अजून निघतो. ताई, नुसत्या पैशाने हा खेळ इतका तापला नसता, आपला माणूस आपल्याकडून खेळतोय म्हणून लोक जीव टाकतात, मला तरी हेच खरं वाटतं.

प्रश्न: मी रग्बी कधीच पाहिली नाही. ही मॅच लावली तर काय बघायचं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: बिनधास्त लावा, रात्री आठच्या सुमाराची ब्रिस्बेनची मॅच आपल्याकडे दुपारी साडेतीनला येते. रग्बी लीगमध्ये प्रत्येक बाजूला 13 जण, 80 मिनिटांचा खेळ, ट्रायचे (म्हणजे समोरच्याच्या गोल रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की) 4 पॉइंट, त्यानंतर मिळणाऱ्या किकचे 2. मेन गोष्ट एकच, बॉल असलेल्या टीमला सहा टॅकल, म्हणजे पकडून पाडणं, मिळतात, सहाव्यांदा पकडलं की बॉल समोरच्याचा. म्हणून टॅकल मोजत बसा, पाचवा झाला की बहुतेक वेळा किक येते, आणि तेव्हा नजर बॉलवर नाही तर विंगच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या, टोकाला धावणाऱ्या माणसावर ठेवा.