स्लोव्हेनियात एकच दिवस मोकळा आहे आणि सोबत आईवडील आहेत. पोस्तोयनाची गुहा बघावी की श्कोत्स्यानची?

श्कोत्स्यान.

हाच वाद आमच्या घरात चार वर्षं चालू आहे. नवऱ्याचं म्हणणं, पोस्तोयना. तिथे १८७२पासून गुहेत रेल्वे आहे, आईला बसून जाता येईल. आई म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा वय ६८. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "गाडीत बसायला एवढ्या लांब आलेय का मी?"

श्कोत्स्यानला सुरुवातीला साधी कोरडी गुहा लागते. मग खालून पाण्याचा आवाज यायला लागतो. रेका नदी तिथे जमिनीच्या पोटातून वाहते आणि दरी एवढी प्रचंड, की समोरच्या कड्यावरची पायवाटेच्या दिव्यांची रांग घाटात रात्री पलीकडच्या वळणावरच्या गाड्या दिसाव्यात तशी दिसते. पूल पाण्यापासून सुमारे ४५ मीटर उंच. सासूबाई पुढे, ओढणी कमरेला खोचून. नवरा मागे, दोन्ही हातांनी कठडा धरून, नजर पुढच्याच्या पाठीवर. "खाली बघ रे, काय पाणी आहे!" असं त्या दोनदा म्हणाल्या. उत्तर नाही. तिथे फोटोला बंदी, त्यामुळे माझ्याकडे पुरावा नाही, आणि याचाच फायदा घेऊन हा माणूस प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतो की आईला मी दमवलं. आतल्या पाचशेच्या वर पायऱ्या त्याने मोजल्या होत्या, त्यांनी नाही!

दुसऱ्या दिवशी पोस्तोयनाही बघितली, नंतर कुणी बोलायला नको म्हणून. वाईट नाही. अंधारात राहणारा, फिकट गुलाबी 'मानवी मासा' (नावालाच मासा, खरं तर बेडकासारखा उभयचर प्राणी) तिथे बघायला मिळतो. वर्षानुवर्षं उपाशी राहू शकतो म्हणे. पण गुहा रेल्वेतून बघणं म्हणजे सिंहगडावर गाडीने जाऊन भजी खाऊन येणं. त्यापेक्षा जवळचा प्रेदयामा किल्ला भारी, कड्यातल्या गुहेच्या तोंडात बांधलेला. वेढ्यात सापडलेला सरदार एराझेम चोरवाटेने ताजी चेरी आणून शत्रूलाच पाठवायचा आणि शेवटी फितुरीमुळे शौचकूपात तोफगोळा लागून मेला, अशी तिथली कथा आहे.

हां, वडिलांचे गुडघे खरंच गेलेले असतील तर गपचूप पोस्तोयनाला जा. श्कोत्स्यानला शेवटी वर यायला लिफ्ट आहे, आतल्या पायऱ्यांना नाही. पोस्तोयनालाही रेल्वेतून उतरल्यावर दीडेक किलोमीटर चालणं आहेच.

स्वेटर मात्र दोन्हीकडे लागतो, आत १०-१२ अंशच असतं. सासूबाईंनी पुलानंतर आपली शाल मुलाला दिली. हात थंडीने थरथरतायत, असं तो म्हणत होता.